जूनमध्ये आलेला बहर

१

आमच्याकडे जून म्हणजे भर हिवाळा. सकाळी पावणेआठला उजाडतं, दुपारी पावणेपाचला सूर्य डोंगराआड जातो आणि मधल्या वेळात होतील तेवढी झाडं छाटायची. सफरचंदाचं झाड झोपेत असतानाच छाटावं लागतं. एकदा का रस चढायला लागला की कात्री लावलेली त्याला सोसत नाही.

टास्मानियाच्या दक्षिणेला, नदीच्या उतारावर आमची बाग आहे. आजोबांनी लावलेली. आता चारशे झाडं उरली आहेत. ती सांभाळायला आम्ही दोघी, मी मर्ना आणि माझी थोरली बहीण ग्वेंडा. तिनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. एकतीस वर्षं शिडीवर ती आणि खाली फांद्या गोळा करायला मी, असंच चाललं होतं. मी एकसष्ट वर्षांची झाले तरी ती मला ‘बारके’ म्हणूनच हाक मारायची.

त्या वर्षी शिडीवर मी होते. ग्वेंडा आत, खिडकीजवळच्या पलंगावर. स्वादुपिंडाचा कर्करोग. होबार्टच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्येच तिला घरी पाठवलं होतं. दर सोमवारी टॅमसिन नावाची नर्स गाडी घेऊन यायची, इंजेक्शनं द्यायची, वहीत काहीबाही लिहायची. नऊ जूनच्या सोमवारी ती फाटकापर्यंत गेली आणि परत वळली.

“मर्ना, आता दिवसांचाच प्रश्न आहे. आठवडा काढतील. कदाचित नाहीही काढणार.”

“एकवीसपर्यंत तरी?” मी विचारलं.

“एकवीसला काय आहे?”

“काही नाही. वर्षातला सगळ्यात लहान दिवस.”

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. मला तो झटकून टाकावासा वाटला.

२

एकवीस जूनला आमच्या भागात झाडं जागवतात. बागेतल्या सगळ्यात जुन्या झाडाखाली सूर्य मावळता मावळता जमायचं, सायडर म्हणजे सफरचंदाची दारू प्यायची, सायडरमध्ये बुडवलेला भाजलेला पाव फांद्यांच्या बेचक्यात ठेवायचा आणि पातेली बडवून ओरडायचं, “ऊठ गं म्हातारे, दिवस वळला!” त्यावर कुणाचा खरा विश्वास होता असं नाही. एवढ्या थंडीत घराबाहेर पडून प्यायला काहीतरी निमित्त लागतं. पण बाबांचा एक दंडक होता. दिवस वळायच्या आधी भांडं वाजवायचं नाही. “अर्धवट झोपेतून उठवलेलं माणूस काय आणि झाड काय, कुणाच्याच कामाचं नाही,” ते म्हणायचे. लहानपणी मी एकदा तालीम म्हणून ताटली वाजवली होती, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्या थोबाडीत दिली होती.

बारा तारखेला, गुरुवारी, सकाळपासून ग्वेंडानं डोळे उघडले नव्हते. दुपारी तिचा श्वास तुटायला लागला. एक श्वास, मग थांबणं. मी आकडे मोजत बसले. अकरा. सतरा. पुन्हा एक श्वास. मग चोवीस.

मला दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर येऊन करणार काय होते? देवाला मी वीस वर्षांत हाक मारली नव्हती. ओट्यावरचं पातेलं उचललं, डाव उचलला आणि पायांत बूट न घालताच म्हातारीकडे धावले. म्हातारी म्हणजे पहिल्या ओळीतलं आजोबांच्या हातचं झाड. घरापासून चाळीस पावलं. तिच्या खोडाशी उभी राहून मी पातेलं बडवत सुटले. ओरडत होते ते शब्द ठरलेले नव्हते. “ऊठ! ऊठ! जाऊ नकोस, ऊठ!” हे झाडाला म्हणत होते की बहिणीला, मला माहीत नाही. हाताला फोड येईपर्यंत मी थांबले नाही.

आत आले तर ग्वेंडाची छाती हलत नव्हती. तोंड उघडं होतं. मी तिच्या नाकाखाली हात धरला, पण माझीच बोटं गारठून बधिर झाली होती, कळणार काय? पलंगाला टेकून जमिनीवर बसले. कुणाला फोन केला नाही. वीस मिनिटं गेली असतील. निदान मला तरी तेवढी वाटली.

“कसला गोंगाट लावलायस गं?” वरून आवाज आला. “पाणी दे. घसा सुकलाय माझा.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली. भिंतीला न धरता. खुर्ची ओढून बसली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?”

मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, “नाही. कुठंच काही नाही.” खायला मात्र काही नको होतं. पाणी तेवढं पेल्यामागून पेले पीत होती.

दहा वाजता तिला कोट घालून व्हरांड्यात आणलं. गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. कुंपणापलीकडे शेजारचा अॅथल मेंढ्यांना चारा टाकत होता. सत्तरीचा गडी, आमच्या बाबांकडे सफरचंदं तोडायला यायचा. ग्वेंडाला उभी पाहून त्याच्या हातातला भारा खाली पडला.

“ग्वेंडा! अगं, तुझ्या मयताला घालायला मी काळा कोट धुवून आणलाय!”

“मग घाल की! चर्चला जाऊन ये. तिथंही बिचारे तुझी वाट बघून थकलेत.”

तो खदाखदा हसला. त्याच्या तोंडातून वाफेचे ढग निघत होते. मी हसले तर माझ्याही तोंडातून निघाले. ग्वेंडा आमच्या मधोमध उभी राहून बडबडत होती, त्याला टोमणे मारत होती आणि तिच्या ओठांसमोरची हवा स्वच्छ होती. काचेसारखी.

ऊन तिरपं आहे, ती सावलीत उभी आहे, तिचा श्वासच अजून क्षीण आहे. मी भराभर तीन कारणं शोधली. तिन्ही मला पटली.

“आणि म्हातारीला काय झालंय ते पाहिलंत का?” अॅथलनं विचारलं.

मी वळून पाहिलं. सगळी बाग काळी, उघडी, काटक्यांसारखी उभी होती. म्हातारीच्या फांद्यांवरचे कळ्यांचे डोळे मात्र फुगले होते. एकेका टोकाला गुलाबी ठिपका दिसत होता.

४

शनिवारपर्यंत झाड पांढरं झालं. एवढा बहर मी ऑक्टोबरात, ऐन वसंतातसुद्धा पाहिला नव्हता. अॅथलच्या पेटीतल्या मधमाश्या भर दुपारच्या उन्हात घटकाभर बाहेर आल्या, पण म्हातारीच्या वाटेला एकही गेली नाही. मी फूल तोडून नाकाशी धरलं. त्याला कसलाच वास नव्हता.

त्याच दिवसापासून शेगडी पेटेना. आमचं सरपण तीन वर्षं छपराखाली वाळलेलं होतं. एकेक ओंडका आत टाकला की तो फुसफुसायचा, टोकांतून पाणी सोडायचा आणि विझायचा. अॅथलनं एक ओंडका हातात घेऊन जोखला.

“हा ओला आहे, मर्ना. काल तोडल्यासारखा ओला.”

“छप्पर गळत असेल.”

“छप्पर गळून लाकूड आतून ओलं होतं होय?” त्यानं कुऱ्हाडीनं तो चिरला. आतला गाभा हिरवट आणि चिकट होता. अॅथलनं कुऱ्हाडीचं पातं पँटला पुसलं. मग म्हणाला, “माझ्याकडचं आणून देतो.” त्यानं आणून दिलं. त्याच्या घरी ते धडधडून जळत होतं. आमच्या घरात एक रात्र राहिलं आणि तेही पेटेना.

आमचं घर सगळं लाकडी. खिडक्यांच्या चौकटी फुगून घट्ट बसल्या. टेबलाचा खण उघडेना. भिंतींमधून बारीक आवाज यायला लागला, ताणलेल्या दोरीला पीळ बसावा तसा. दमट हवा, मी म्हणाले. कोट अडकवायच्या खुंटीवर हात गेला तेव्हा तिच्या बुडाशी एक फुगवटा लागला. लहान, टोकदार. मी तो नखानं खरवडून टाकला आणि हात साबणानं दोनदा धुतला.

रविवारी सकाळी कोठीत उंदराचा सापळा पाहिला. उंदीर सापडला होता. पट्टी मानेवर बसून मान पार मोडलेली, डोळ्यांवर पांढरी साय. पण पाय हलत होते. सावकाश, पोहल्यासारखे. अर्धवट मेला असेल म्हणून मी वर बादली उपडी घातली. सोमवारी बादली उचलली. पाय हलतच होते. मी बादली पुन्हा उपडी घातली.

५

टॅमसिन आली ती दारातच थिजली. ग्वेंडा टेबलाशी बसून पत्ते लावत होती.

“ये पोरी. मी अजून इथंच आहे, तुझं काम वाढलं,” ग्वेंडा म्हणाली.

टॅमसिन हसली, पण तिचे डोळे ग्वेंडाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. पिशवीतून नाडी मोजायचा, बोटाला लावायचा चिमटा काढला. त्याच्यावर आकडाच उमटेना. दुसऱ्या बोटाला लावला. मग स्वतःच्या बोटाला लावून पाहिला, तर लगेच उमटला.

“बोटं फार गार आहेत तुमची. घरात एवढी थंडी का?”

“लाकडं ओली आहेत,” मी म्हणाले.

तिनं ग्वेंडाचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिली. खूप वेळ. बोटं जरा सरकवली, पुन्हा घड्याळ. मग मनगट हलकेच टेबलावर ठेवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“किती?” मी विचारलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “ठीक आहे म्हणायचं.”

जाताना तिनं इंजेक्शनाचा डबा मागे ठेवला नाही. मला आनंद झाला. खरंच झाला. माणसाला आनंद हवाच असेल तर तो कशातूनही काढता येतो.

६

ग्वेंडा झोपत नव्हती.

पहिले दोन-तीन दिवस मी त्याकडे लक्ष दिलं नाही. आजारात खूप झोपली, आता झोप येत नसेल. पण मी सकाळी उठायचे तेव्हा ती त्याच खुर्चीत, त्याच बाजूला मान करून बसलेली असायची. गप्पा कमी झाल्या, टोमणे थांबले. बुधवारी दुपारी मी सूप घेऊन गेले तर म्हणाली, “ठेव ते. बस इथं.”

मी बसले.

“पापण्या मिटल्या तरी दिसतं गं मला,” ती म्हणाली. “मिटून काही उपयोग नाही. सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं. कोठीतला तो उंदीरसुद्धा जागा आहे. बादलीला नखं घासतोय, चार दिवस झाले.”

“मी टाकून देते त्याला.”

“कुठं टाकशील?”

मी उगाच सूप ढवळलं.

“तू भांडं वाजवलंस ना, बारके? त्या गुरुवारी.”

मी मान खाली घातली.

“मी निघाले होते. खूप पुढं गेले होते. दुखायचं थांबलं होतं, कसलीच घाई नव्हती. आणि मागून तुझा आवाज. लहानपणी अंधारात परसाकडे जायला मला उठवायचीस ना, अगदी तसा. मी वळले. आयुष्यभर तुझं एक ऐकलं नाही. नेमकं तेवढंच कसं ऐकलं!”

“पण तू आहेस ना! इथं आहेस, बोलतेयस, हे कमी आहे का?”

“हात लाव मला.”

मी लावला. उन्हाळ्यात तळघरातला दगड लागतो तसा. गार आणि किंचित ओलसर.

“मी आहे असं म्हणतेस तू? मला कुणीतरी हलवून उठवलंय, बसवलंय आणि तसंच ठेवलंय. ना पुढं, ना मागं. नऊ-दहा महिने असं बसायचं? नऊ वर्षं? तू मेल्यावरही? मर्ना, मला जाऊ दे. म्हातारीला पाड, ती जागी आहे तोवर मला सुटका नाही.”

तिनं मला मर्ना म्हटलं, त्याचं मला जास्त भय वाटलं.

“नाही,” मी म्हणाले. “मागशील ते देईन, एवढं नको मागू. मी या घरात एकटी काय करू? कुणासाठी उठू सकाळी?”

“ते मला ठाऊक नाही.”

“मग मी नाही पाडणार!” मी ओरडले. सूप सांडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, तिला रडायचंय, पण रडता येत नाहीये.

७

दोन दिवस मी तिच्या खोलीत गेले नाही. लांबच्या ओळींतली झाडं छाटत राहिले. कात्री लावली की फांदीतून पाणी ओघळायचं. एकेका झाडावरचे डोळे फुगायला लागले होते. पहिल्या ओळीतले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शुक्रवारी दुपारी अकराव्या ओळीत मी शिडीवरून उतरले, थंड मातीत गुडघे टेकले आणि वीस वर्षांनी देवाला हाक मारली. दोनपैकी एक कर म्हणाले, तिला नीट जगव नाहीतर नीट ने. माझ्या हातून करवू नकोस. उत्तर म्हणून काही आलं असेल तर ते एवढंच, की माझ्या गुडघ्यांखालची माती कोमट लागत होती.

शनिवारी, एकवीस तारखेला, चार वाजता ग्वेंडा दारात उभी होती. हातात दोघींनी ओढायची लांब करवत. आम्ही जुनी झाडं हिनंच पाडायचो.

“आज दिवस वळेल,” ती म्हणाली. “उद्यापासून वाढायला लागेल. मग हे सगळंच वर येईल, आणि मला जायला जागा राहणार नाही. चल.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मला तसं वाटतंय. चल गं, बारके. मी एक बाजू धरते.”

त्या ‘बारके’नं माझं सगळं बळ गेलं आणि सगळं बळ आलंही. मी तिच्यामागून गेले.

म्हातारीच्या दोन बाजूंना आम्ही गुडघ्यांवर बसलो. मधे खोड, त्यामुळे मला तिच्या हाताची फक्त बोटं दिसत होती. मी ओढलं, तिनं ओढलं. साल फाटली आणि आतून कोमट पाणी माझ्या मनगटावर आलं.

“ढकलू नकोस, ओढ,” पलीकडून ती म्हणाली. “एकतीस वर्षं सांगतेय. आपल्या बाजूला ओढ आणि सोडून दे.”

“सोडतेय की!”

“नाही सोडत. कधीच सोडलं नाहीस.”

मी सोडायला शिकले. करवत सरळ चालायला लागली. फुलं डोक्यावर पडत होती. सूर्य डोंगराला टेकला आणि त्याचं ऊन ओळींच्या मधून आडवं, जमिनीलगत आत आलं. मी एकदा मान वर केली. करायला नको होती.

ओळींमधे माणसं उभी होती. झाडाझाडांच्या मधे, पाठमोरी, सूर्याकडे तोंड करून. काहींच्या छातीवर सफरचंदं तोडायच्या पिशव्या होत्या. कुणी हलत नव्हतं. का उठवलं हे न कळलेली माणसं अशीच उभी राहत असतील. एकीच्या अंगात तपकिरी कोट होता, कोपराला ठिगळ लावलेला. ते ठिगळ मी लावलं होतं. आईला त्याच कोटात पुरलं होतं.

“ग्वेंडा,” मी म्हणाले. “ग्वेंडा, कोण आहेत ती?”

ती काही बोलली नाही. करवत मात्र माझ्या हातातून पलीकडे ओढली गेली. एका लयीत, माझ्यापेक्षा जोरानं.

तपकिरी कोटवालीनं मान वळवायला सुरुवात केली.

मी डोळे घट्ट मिटले. पुढचं मी पाहिलं नाही. मी ओढत राहिले आणि सोडत राहिले, आणि पलीकडून जे कुणी ओढत होतं ते ओढत राहिलं. मग लाकूड कडाडलं आणि करवत एकदम हलकी झाली. म्हातारी दुसऱ्या बाजूला आडवी झाली. त्यानंतर एवढी शांतता पसरली की मला नदी ऐकू आली.

डोळे उघडले तेव्हा ओळी रिकाम्या होत्या. करवतीची दुसरी मूठ गवतावर पडली होती. ग्वेंडा तिथं नव्हती. ती दहा पावलांवर, पुढच्या झाडाला टेकून बसलेली होती. दोन्ही हात मांडीवर. तिच्या पापण्यांवर आणि केसांवर दव गोठून पांढरं झालं होतं. ते काही आत्ताचं नव्हतं. तासभर तरी ती तिथं तशीच बसलेली असावी.

सफरचंदं वाहायच्या हातगाडीवर घालून तिला घरी नेलं. काहीच वजन नव्हतं. पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं. शेगडीत एक ओंडका टाकला. तो लगेच पेटला. कोठीत जाऊन बादली उचलली. उंदीर निपचित पडला होता. मग अॅथलला फोन केला.

८

टॅमसिन रविवारी सकाळी आली. मयताची पाहणी करून कागद करायचा होता. तिनं मला बाहेर बसायला सांगितलं. अॅथल माझ्याशेजारी बसला होता, काळ्या कोटात, गुडघ्यांवर टोपी घेऊन. पडलेल्या झाडाकडे त्यानं एकदाच पाहिलं.

दार उघडून टॅमसिन बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. अॅथलला ती म्हणाली, “तुम्ही जरा चहा ठेवाल?” तो आत गेला.

“कधी गेल्या?” तिनं विचारलं.

“काल. संध्याकाळी.”

“मर्ना.” ती माझ्यासमोर उकिडवी बसली. “मी अकरा वर्षं हे काम करतेय. ही काल गेलेली बाई नाही.”

मी बुटाला चिकटलेली पाकळी काढून टाकली.

“आठ-दहा दिवस झालेत,” ती म्हणाली. “पण सोमवारी मी त्यांच्याशी बोलले. मला पोरी म्हणाल्या.” तिनं वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं. “मला नाडी लागली नव्हती, मर्ना. एकदाही नाही. मला वाटलं माझंच चुकतंय, थंडीनं बोटं बधिर झालीत. म्हणून मी अंदाजानं आकडा लिहिला. असं मी कधीच केलं नव्हतं.”

आतून कपांचा आवाज येत होता. तिला वाटत असावं मी काहीतरी सांगेन आणि ती सुटेल. माझ्याजवळ तिला देण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी तिनं पेन काढलं.

“काल,” ती म्हणाली, आणि तसंच लिहिलं. “पेटी बंदच ठेवायला सांगते. कुणी दर्शनाचा आग्रह धरू नये.”

बुधवारी ग्वेंडाला चर्चमागच्या टेकडीवर ठेवलं, आईबाबांच्या शेजारी. त्या दोघांच्या दगडांभोवतीचं गवत सपाट आणि जुनं होतं, ते मी आधीच जाऊन पाहिलं होतं. पंधरा-वीस माणसं आली. पाद्री थोडक्यात बोलले, थंडी फार होती. पेटीवर पहिली मूठ माझी. मग माणसांनी फावडी घेतली.

सगळे निघाले, तरी मी उभी राहिले. अॅथलनं माझं कोपर धरलं.

“चल, मर्ना. दिवस मावळला.”

“थांब जरा.”

“कशाला?”

मी ऐकत होते. फावड्यांनी थापटलेल्या त्या मातीकडे कान लावून, श्वास रोखून ऐकत होते. हातपाय बधिर झाले तरी ऐकत होते. अॅथल टोपी हातात घेऊन शेजारी उभा राहिला.

काहीच ऐकू आलं नाही. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि एवढं एकटंही कधी वाटलं नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि टेकडी उतरले.